घुंगरूभर सोनं: १४९५ ची खंडणी आणि गळ्यातला बिल्ला वर्गात कसा मांडावा

कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानिओला बेटाचे मूळ रहिवासी असलेल्या ताइनो लोकांवर कोलंबसाने १४९५ मध्ये लादलेली खंडणी शिकवायची असेल, तर भाषणापेक्षा माप हातात द्यावं. हुकूम असा होता: बेटावरच्या सिबाओ आणि वेगा रेआल या प्रदेशांत आणि खाणींच्या आसपास राहणाऱ्या, चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक घुंगरू भरून सोनं द्यायचं. शिकारी ससाण्याच्या पायाला बांधतात तसलं, फ्लँडर्सहून आलेलं लहानसं घुंगरू. त्याच्या आतली पोकळी हे माप. खाणींपासून लांब राहणाऱ्यांनी माणशी एक अरोबा, म्हणजे पंचवीस पौंड कापूस. भरणा झाल्याची खूण म्हणून गळ्यात तांब्याचा किंवा पितळेचा बिल्ला. बिल्ला नाही, तर शिक्षा.

खालची मांडणी दीड तासाच्या सत्रात बसते. चौदा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठी ती योग्य आहे, आणि हेच वय त्या हुकुमाचंही होतं, हे त्यांना सुरुवातीलाच सांगावं. टेबलावरचं छोटं प्रदर्शन करायचं असेल तरी हेच सामान आणि हाच क्रम चालतो.

आधी कागद नीट वाचा

खंडणीची माहिती मुख्यतः दोन लेखकांकडून येते. एक स्पॅनिश धर्मगुरू आणि इतिहासकार बार्तोलोमे दे लास कासास, दुसरा कोलंबसाचा धाकटा मुलगा फर्नांदो कोलोन. १४९५ मध्ये दोघंही बेटावर नव्हते. फर्नांदो तेव्हा सात वर्षांच्या आसपासचा होता. लास कासास १५०२ मध्ये तिथे पोहोचला. त्याचे वडील मात्र कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत होते, आणि कोलंबसाचे कागद त्याच्या हाताखालून गेले होते. फर्नांदोने लिहिलेलं वडिलांचं चरित्र आज १५७१ मध्ये व्हेनिसला छापलेल्या इटालियन भाषांतरातून वाचायला मिळतं. लास कासासचा मोठा इतिहासग्रंथ तर १८७५ पर्यंत छापलाच गेला नव्हता. ही माहिती फळ्यावर लिहून ठेवा. पुढे कुणी "पण हे खरं कशावरून?" असं विचारलं की बोट दाखवायला जागा असते.

घुंगरू, चौदा वर्षं, तीन महिने, पंचवीस पौंड कापूस यांवर दोघांचं जमतं. फरक पडतो तो बिल्ल्यावर. फर्नांदो लिहितो तेव्हा भरणा करणाऱ्याला बिल्ला मिळायचा आणि तो गळ्यात घालावा लागायचा, असं चित्र उभं राहतं. लास कासास सांगतो की असं नाणं करायचं ठरलं, दर खेपेच्या भरण्याला त्यावरची खूण बदलायची होती, म्हणजे कोणी दिलं आणि कोणी नाही ते ओळखू यावं. पण लगेचच झालेल्या उलथापालथीमुळे ही कल्पना पुढे गेली नाही. म्हणून मांडणीत "प्रत्येक ताइनोच्या गळ्यात बिल्ला होता" असं लिहू नका. "गळ्यात बिल्ला घालण्याचा हुकूम होता" इतकं लिहा. हा फरक किरकोळ नाही. बिल्ला किती गळ्यांत पडला यावर मतभेद असू शकतात. माणसाच्या गळ्यात पावती अडकवायचं राज्यकर्त्याने ठरवलं, यावर दोन्ही लेखक एकमताने बोलतात.

याच कारणासाठी, "ताइनो खंडणी-बिल्ला" म्हणून कोणी एखादी जुनी चकती विकायला किंवा मांडायला दिली, तर ती कुठल्या उत्खननातून, कोणत्या थरातून आली याची लेखी नोंद मागा. नोंद नसेल तर ती टेबलावर ठेवू नका. पुठ्ठ्याची प्रामाणिक प्रतिकृती बरी.

सामान

घुंगरं तीन घ्या. आतला व्यास साधारण १२, १६ आणि २० मि.मी. त्या काळची घुंगरं एका मापाची नव्हती, म्हणून एकाच आकारावर सगळा हिशोब बेतू नये. चाळलेली, पूर्ण कोरडी बारीक वाळू अर्धा किलो. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी आहे, कारण लहान घुंगरात वाळूच मुळी दीड ग्रॅमच्या आत मावते. ३५ ते ४० सें.मी. व्यासाचं, उतरत्या काठाचं पसरट ताट. दोन मोठ्या बादल्या किंवा टब, पाणी, आणि रेती-खडी मिळून दहा किलो. एक मि.मी. जाडीच्या तांब्याच्या तारेचे मिलिमीटरभर लांबीचे वीस तुकडे, सोन्याऐवजी. शिशाचे छर्रे जड असतात म्हणून मोह होतो, पण ते विषारी आहेत. पाण्यात हात घालायचा असतो तिथे शिसं नको. घड्याळ. ९० चौकोन आखलेला मोठा कागद. पुठ्ठ्याच्या चार चकत्या, सुतळी. कापूस दाखवण्यासाठी दीड-दीड किलो कापूस भरलेल्या आठ उशा.

घुंगरू मोजणं

घुंगराच्या आत वाजणारी गोळी असते. ती चिमट्याने चिरेतून काढा, नाहीतर जागा खाते. गोळी निघत नसेल, तर पोकळ अर्धगोल मणी जोडून नकली घुंगरू करा. चीर खालून चिकटपट्टीने बंद करा आणि एका टोकाला भरायला पुरेशी फट सोडा. पाणी भरून मोजू नका. चिरेतून झिरपतं आणि दर वेळी वेगळा आकडा येतो.

वाळू भरा, घुंगरू टेबलावर वीस वेळा हलकेच आपटा, पुन्हा भरा, मग वाळू काट्यावर ओता. आपटण्याआधी आणि आपटल्यानंतर अशी दोन्ही वजनं लिहून घ्या. आकारमानाच्या मापातली खरी ग्यानबाची मेख इथे आहे: वजन काट्यावर दिसतं, पण "भरलं की नाही" हे मोजून घेणारा ठरवतो. सैल भरलेलं चालणार की ठोकून बसवलेलं, सपाट की शिगोशीग, याचा निर्णय देणाऱ्याच्या हातात नव्हता. बारीक कण घट्ट बसतात, मोठे खडे पोकळी ठेवतात. म्हणजे धुळीसारखं सोनं गोळा करणाऱ्याला त्याच घुंगरासाठी जास्त वजन द्यावं लागतं. विद्यार्थ्यांना दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसले की हे वेगळं समजवावं लागत नाही.

आता वाळूवरून सोन्यावर या. कोरडी बारीक वाळू एका घन सेंटिमीटरला साधारण १.६ ग्रॅम भरते. नदीतलं सोनं शुद्ध नसतं, आणि कणांमध्ये हवा राहते. सैलसर भरलेलं असं सोनं एका घन सेंटिमीटरला १० ग्रॅमच्या आसपास धरायला हरकत नाही. म्हणून वाळूच्या वजनाला सव्वासहाने गुणा. १२ मि.मी.च्या घुंगरात वाळू १.४ ग्रॅम, सोनं ९ ग्रॅम. १६ मि.मी.त वाळू ३.४, सोनं २१. २० मि.मी.त वाळू ६.७, सोनं ४२. व्यास दीडपटीपेक्षा थोडाच वाढला तरी सोनं साडेचार पटींहून जास्त वाढतं, हे थांबून दाखवा. "लहानसं घुंगरू" म्हणताना कोणतं घुंगरू, हा प्रश्न माणसाच्या महिनाभराच्या मेहनतीचा होता.

हे आकडे आपल्या मोजणीचे आहेत, १४९५ च्या नोंदीतले नाहीत. फळ्यावर तसं लिहा. पुढचा हिशोब मधल्या, २१ ग्रॅमच्या घुंगरावर करू.

जोडीला एक आकडा खुद्द लास कासासचा द्या. मानिकाओतेक्स या प्रमुखावर दरमहा अर्धा भोपळा भरून सोनं ठरवलं होतं, आणि त्याचं वजन तो तीन मार्को, म्हणजे १५० कास्तेयानो सांगतो (दोन्ही स्पॅनिश वजनमापं). कास्तेयानो साधारण ४.६ ग्रॅमचा, तेव्हा हे ६९० ग्रॅम झाले. आपल्या मधल्या घुंगराने मोजलं तर तेहतीस घुंगरं, तीही दर महिन्याला.

सोनं धुणं

ताटात दोन-तीन किलो रेती-खडी घ्या, त्यात तांब्याचे पाच तुकडे मिसळा, ताट पाण्यात बुडवून गोल हलवत वरची हलकी रेती बाहेर सोडत जा. विद्यार्थ्यांना दोन-दोनच्या जोड्यांनी करू द्या आणि वेळ लावा. पहिल्या खेपेला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि पाचांतले दोन-तीन तुकडेच हाती येतात. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे घाई: ताट तिरकं करून पाणी ओतलं की तांबंही जातं. आधी सपाट ठेवून हलवायचं, जड तळाशी बसू द्यायचं, मगच काठ खाली करायचा. दुसरी चूक मातकट रेतीची. चिकणमातीच्या गोळ्यात तुकडा अडकून वाहून जातो, म्हणून गोळे आधी बोटांनी फोडावेत. तांबं सोन्याच्या निम्म्याहूनही हलकं आहे, त्यामुळे खरं सोनं यापेक्षा थोडं लवकर तळाशी बसतं, हेही सांगा.

मग कागदावर या. सराईत माणूस एका ताटात पाच किलो रेती घेतो आणि आठ मिनिटांत धुतो, असं धरा. एक टन रेतीत एक ग्रॅम सोनं असेल तर एका ताटातून पाच मिलिग्रॅम मिळतं. २१ ग्रॅमसाठी ४,२०० ताटं. नव्वद दिवसांत वाटली तर रोज ४७, म्हणजे रोज सव्वासहा तास, एकही दिवस न चुकता. रेती दुप्पट गरीब असेल, टनाला अर्धा ग्रॅम, तर रोज साडेबारा तास. पाचपट श्रीमंत असेल तर सव्वा तास. तिन्ही ओळी मांडा, एकच मांडू नका. नाहीतर हुशार विद्यार्थी लगेच विचारतो की हा आकडा सोयीचा म्हणून निवडला का. आणि या तासांत खड्डा खणणं, रेती पाण्यापर्यंत वाहणं, नदीपर्यंतची चाल हे काहीच धरलेलं नाही.

श्रीमंत रेतीबद्दल एक गोष्ट विसरू नका. नदीच्या वळणावर, खडकाच्या खाचेत पिढ्यान्‌पिढ्या साचलेलं सोनं पहिल्या खेपेत पटकन मिळतं. ताइनोंकडे आधीपासून असलेले दागिनेही पहिल्या भरण्याला कामी येऊ शकत होते. दुसऱ्या तिमाहीत तो साठा नसतो. मागणी तीच, रेती गरीब. ताइनो सोनं वापरत, पण मुख्यतः नदीत सापडेल तसं वेचून. मोठ्या प्रमाणावर धुऊन काढण्याचा धंदा त्यांचा नव्हता. ग्वारिओनेक्स या वेगा रेआलच्या प्रमुखाने नेमकं हेच सांगितलं होतं: माझ्या लोकांना सोनं काढणं येत नाही.

नव्वद चौकोन

आखलेला कागद भिंतीवर लावा. एक चौकोन म्हणजे एक दिवस. आता विद्यार्थ्यांना शेतीची कामं त्यात भरू द्या. कोनुको म्हणजे मातीचे उंच ढीग करून त्यात कसावा लावायची ताइनोंची शेती. कडू कसावा तसाच खाल्ला तर विषारी; कंद सोलायचे, किसायचे, विणलेल्या लांब पिशवीत घालून रस पिळून काढायचा, मग मातीच्या तव्यावर भाकरी भाजायची. मासेमारी, घर शाकारणं, आजारपण, मुलं, आणि खंडणी पोचवायला जाण्या-येण्याचे दिवस. सोनं धुण्याचे चौकोन भरल्यावर या सगळ्यासाठी किती उरतात ते मोजा.

इथे एक कारण-परिणाम नीट उलगडून सांगावा लागतो, तो बहुतेक मांडण्यांत सुटतो. कसावा लावल्यापासून काढायला साधारण नऊ ते अठरा महिने लागतात. म्हणून लावणी चुकली तर भूक त्याच तिमाहीत दिसत नाही. ती पुढच्या वर्षी येते. १४९५ मध्ये युद्ध झालं, लोक डोंगरात पळाले, शेतं पडीक राहिली. लास कासास असंही लिहितो की स्पॅनिशांना उपाशी मारावं म्हणून ताइनोंनी लावणीच थांबवली. मग दुष्काळ आला आणि तो दोघांवरही कोसळला, ताइनोंवर जास्त. देवीची साथ बेटावर आली ती १५१८ च्या अखेरीस. तोवर हे सगळं घडून गेलं होतं. इतर आजार आधीच आले होते हे खरं, पण "सगळे रोगराईने मेले" एवढ्यावर धडा संपवला तर खंडणी आणि भूक दोन्ही झाकली जातात.

ग्वारिओनेक्सचा प्रस्ताव

याला वेगळा वेळ द्या, किमान दहा मिनिटं. सोन्याच्या ऐवजी त्याने धान्य देऊ केलं: इसाबेला या स्पॅनिश वसाहतीपासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत, समुद्रापासून समुद्रापर्यंत कोनुको लावून देतो. (लास कासास पलीकडचं टोक म्हणून सांतो दोमिंगोचं नाव घेतो; तेव्हा ते शहर वसलेलं नव्हतं, तो नंतरच्या ओळखीच्या नावाने जागा सांगतो आहे.) एवढ्या शेतातून स्पेनमधल्या साऱ्या कास्तील राज्याला दहा वर्षं भाकरी पुरली असती, असा लास कासासचा अंदाज. वसाहतीतले स्पॅनिश तेव्हा अन्नावाचून आजारी पडत होते. तरीही प्रस्ताव नाकारला गेला. विद्यार्थ्यांना आधी विचारा की का, मग कारणं मांडा. १४९३ च्या सतरा जहाजांच्या सफरीचा खर्च भरून काढायचा होता. राजाराणीला सोनंच दाखवायचं होतं, भाकरी स्पेनला पाठवता येत नव्हती. १४९५ च्या ऑक्टोबरात तर राजाचा तपासनीस हुआन आग्वादो बेटावर येऊन दाखल झाला.

नकार दिला, पण माप कमी केलं. बहुतेकांना भरणा जमत नाही हे दिसल्यावर घुंगरू अर्धं करण्यात आलं. हिशोब पुन्हा करा: साडेदहा ग्रॅम, टनाला एक ग्रॅमच्या रेतीत रोज तीन तासांहून थोडं जास्त. लास कासास सांगतो की तेही काहींना जमलं, काहींना नाहीच. बेटाच्या पश्चिमेला हारागुआत मात्र बोहेचिओ या प्रमुखाने सोनं नाही म्हटल्यावर, काही काळाने कापूस आणि कसाव्याची भाकरी खंडणी म्हणून घेतली गेली. म्हणजे अन्नाने खंडणी घेणं अशक्य नव्हतं. वेगा रेआलला ते नाकारलं कारण तिथे सोनं होतं.

कापूस

उशा इथे कामी येतात. कास्तीलचा अरोबा साधारण साडेअकरा किलोचा. एकदाच द्यायचा धरला तर साडेअकरा किलो, सोन्यासारखाच दर तिमाहीला धरला तर वर्षाला ४६. मजकुरात सरकी काढलेली रुई की सरकीसकट कापूस हे सांगितलेलं नाही. रुई असेल तर तेवढ्यासाठी साधारण तिप्पट, पस्तीस किलोच्या आसपास कापूस वेचून, हाताने सरकी काढावी लागते. आठ उशांचा ढीग एका विद्यार्थ्यापुढे रचा आणि पुढे चला; याला जास्त शब्द लागत नाहीत.

बिल्ला

पुठ्ठ्याच्या चार चकत्या कापा, प्रत्येकीवर वेगळी खूण करा: रेघ, फुली, वर्तुळ, त्रिकोण. खऱ्या बिल्ल्याचा आकार आणि त्यावरची चिन्हं कुणी लिहून ठेवलेली नाहीत, म्हणून मागच्या बाजूला ठळक अक्षरांत "आकार आणि खूण कल्पित" असं लिहा. हे न लिहिता काढलेले फोटो पुढे अस्सल म्हणून फिरू लागतात.

खूण बदलण्याचं काम काय ते समजावून सांगा. मागच्या तिमाहीचा बिल्ला या तिमाहीत चालत नाही, त्यामुळे तो जपून ठेवण्यात अर्थ उरत नाही. तपासणाऱ्याला ताइनोंची भाषा येण्याची गरज नाही, नावांची यादी लागत नाही, वाचताही यायला नको. गळ्याकडे पाहिलं की झालं. आणि खंडणी प्रमुखाकडून न घेता माणसामाणसावर बसते: गावाने मिळून दिलं, एकाने दुसऱ्याचं भरलं, म्हाताऱ्याला सूट दिली, असल्या तडजोडींना जागा राहत नाही.

ही कल्पना अडखळली कशामुळे, याचा अंदाजही गणितात बांधता येतो. दहा हजार माणसं देणारी धरा. हा आकडा फक्त उदाहरणाचा. वर्षाला चाळीस हजार बिल्ले लागतील. एक बिल्ला तीन ग्रॅमचा असेल तर १२० किलो धातू, तोही जहाजाने आणलेला, आणि दर तीन महिन्यांनी नवी खूण ठोकणारे हात. इसाबेलात आजारी, उपाशी, घरी परतायला अधीर झालेली माणसं होती. लास कासास उलथापालथ हे कारण देतो. तिच्यामागे हे हिशोबही उभे असणार असं आम्हाला वाटतं.

पितळेच्या तीन वस्तू एकत्र ठेवल्या तर सगळा प्रवास एका नजरेत येतो. १४९२ च्या डिसेंबरात किनाऱ्यावर ताइनो लोक सोन्याचे तुकडे दाखवून घुंगरं मागत होते आणि घुंगराला "चुक चुक" असं काहीसं म्हणत होते, अशी कोलंबसाच्या रोजनिशीत नोंद आहे. पितळेला ते "तुरे" म्हणत. त्यांच्या भाषेत तुरे म्हणजे आकाश. म्हणून पहिली वस्तू भेटीचं घुंगरू. दुसरी वस्तू तेच घुंगरू, पण माप म्हणून, आणि शेजारी बिल्ला. तिसरी पितळी बेडी: माग्वानाचा प्रमुख काओनाबो याला चकचकीत बेड्या म्हणजे राजाची भेट असं सांगून स्पॅनिश अधिकारी अलोन्सो दे ओहेदा याने पकडलं, अशी हकीकत लास कासास देतो. स्पेनला नेताना काओनाबो वाटेतच मेला.

तीन ठिकाणी हमखास घसरतं

पहिलं, नाट्य. काही विद्यार्थी ताइनो, काही स्पॅनिश, ताइनोंच्या गळ्यात बिल्ले, असं करू नका. बिल्ला कुणाच्याही गळ्यात घालू नका, फळ्यावर टांगा. अशा खेळात तपासणारी मुलं अधिकाराची मजा घेतात, बाकीच्यांच्या लक्षात अपमान राहतो, आणि मेलेल्या माणसांचं दुःख पंधरा मिनिटांत कळल्याचा खोटा समज सगळ्यांचा होतो. वाळू, ताट आणि चौकोन पुरेसे आहेत.

दुसरं, हात. "ज्याच्याकडे बिल्ला नसे त्याचे हात तोडत" हे वाक्य सगळीकडे फिरतं. लास कासासच्या मजकुरात बिल्ला नसणाऱ्याला शिक्षा होणार होती, "म्हणे माफक". हात तोडल्याचे प्रकार तो लिहितो, पण युद्धातल्या आणि दहशत बसवण्यासाठी केलेल्या क्रौर्याच्या वर्णनात. तिथे बिल्ल्याचा संबंध नाही. या दोन गोष्टी नंतर एकत्र शिवल्या गेल्या, आणि चारशे वर्षांनंतरच्या काँगोतल्या रबराच्या अत्याचारांची चित्रं लोकांच्या मनात त्यात मिसळली. शिक्षेची बाजू दाखवायची असेल तर पक्क्या गोष्टी हाताशी आहेत. एप्रिल १४९४ मध्ये कपडे चोरल्याच्या आरोपावरून ओहेदाने एका माणसाचे कान कापले. फेब्रुवारी १४९५ मध्ये दीड हजारांहून जास्त ताइनो पकडून आणले गेले आणि त्यांतले ५५० जहाजांत भरून स्पेनला विकायला पाठवले; त्याच जहाजांतून गेलेला मिकेले दा कुनेओ लिहितो की सुमारे दोनशे वाटेत मेले आणि समुद्रात टाकले गेले. कच्चं वाक्य वापरलं आणि कुणी ते खोडून काढलं, तर ऐकणारा या पक्क्या गोष्टींवरही अविश्वास दाखवतो. त्या माणसांचं हे आपण केलेलं नुकसान असतं.

तिसरं, लोकसंख्या. १४९२ मध्ये बेटावर किती माणसं होती याचे अंदाज लाखापासून कित्येक लाखांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. एकच आकडा छापू नका. नंतरचे आकडे अधिक भरवशाचे: १५०८ मध्ये साठ हजार, १५१४ मध्ये स्पॅनिशांत ताइनो मजूर वाटले गेले त्या वेळी पंचवीस हजारांच्या आसपास. आणि "ताइनो नामशेष झाले" असं लिहू नका. कॅरिबियन बेटांवर आज स्वतःला ताइनो म्हणवणारे लोक आहेत, त्यांच्या पूर्वजांचा वंश तिथल्या माणसांच्या रक्तात सापडतो, आणि बटाटा हा आपला शब्दही पोर्तुगीजांच्या तोंडून त्यांच्याच "बताता"वरून आलेला आहे.

पाटी कशी लिहावी

पाटीला चाळीस-पन्नास शब्द पुरेत, अक्षर दोन मीटरवरून वाचता यावं. हुकूम कुणाचा, कुणावर, किती, किती दिवसांनी. मग माहिती कुठून आली. "खंडणी आकारली गेली" असं कर्त्याशिवाय लिहू नका. घुंगरासाठी नमुना:

"१४९५ मध्ये कोलंबसाने सिबाओतल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येक ताइनोला दर तीन महिन्यांनी असं घुंगरू भरून सोनं देण्याचा हुकूम केला. हे घुंगरू नवं आहे. त्या काळची घुंगरं लहान-मोठी होती. या मापात साधारण २१ ग्रॅम सोनं मावेल (आमची मोजणी)."

बिल्ल्यासाठी:

"भरणा केल्याची पावती म्हणून असा धातूचा बिल्ला गळ्यात घालायचा हुकूम होता. खूण दर भरण्याला बदलायची होती. लास कासास म्हणतो की ही पद्धत फार पुढे गेली नाही. आकार आणि खूण कल्पित."

शेवटचा तक्ता

खंडणी कोसळली म्हणजे ताइनो सुटले, असा समज होऊ नये, म्हणून एक तक्ता पुढच्या वर्षांचा ठेवा. सोनं माणशी मोजून मिळेना, तेव्हा माणसंच वाटून घेतली गेली. रोल्दान या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या १४९७ च्या बंडानंतर स्पॅनिशांना जमिनीबरोबर ताइनोंची गावं आणि त्यांची मजुरी मिळू लागली. २० डिसेंबर १५०३ च्या राजाज्ञेने सक्तीच्या कामाला कायद्याचा आधार दिला. हारागुआची प्रमुख अनाकाओना हिला याच सुमारास फाशी दिलं गेलं. १५११ च्या डिसेंबरात आंतोनिओ दे मोंतेसिनोस या धर्मगुरूने सांतो दोमिंगोत प्रवचनातून याचा जाब विचारला, आणि १५१२ च्या अखेरीस बुर्गोसचे कायदे झाले. त्यांनी काही नियम घातले, सक्ती मात्र ठेवली.

तक्त्याच्या कडेला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड ग्वारिओनेक्सचं. त्याने १४९७ मध्ये उठाव केला, तो मोडला गेला. तो उत्तरेच्या डोंगरात मायोबानेक्स या प्रमुखाच्या आश्रयाला गेला, तिथून पकडला गेला. १५०२ च्या जुलैत त्याला बेड्यांसह स्पेनला निघालेल्या ताफ्यात चढवलं. त्या ताफ्यात बेटावरून काढलेलं सोनंही होतं. बंदर सोडल्यावर लगेच चक्रीवादळात बहुतेक जहाजं बुडाली, ग्वारिओनेक्सही. हे कार्ड नव्वद चौकोनांच्या कागदाखाली, डोळ्यांच्या उंचीवर लावा.